पावसाच्या उतारावरचा महाराष्ट्र

कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकली की मुंबई-आग्रा रस्त्यावर थोड्याच वेळात घोटी लागतं. पर्यटनाच्या याद्यांत या गावाचं नाव सहसा सापडत नाही आणि त्यात याद्या करणाऱ्यांचा फार दोष आहे असंही नाही. भाताच्या गिरण्या, धान्याची आडत, पत्र्या-पाइपांची दुकानं, ट्रकवाल्यांसाठी पंक्चर काढणारे, आणि डोंगरातल्या वाड्या-पाड्यांना मिठापासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत सगळं पुरवणारा बाजार, असं हे गाव. यादीत घालावा असा ‘पॉइंट’ इथे नाही. घोटीला लोक येतात ते बहुधा पुढे कुठेतरी जायला. नाक्याजवळून एक रस्ता पूर्वेला सिन्नरकडे जातो, दुसरा दक्षिणेला बारी, भंडारदरा, राजूर करत अकोले गावाकडे, तिसरा वैतरणेच्या जलाशयाच्या बाजूने त्र्यंबकच्या दिशेला, आणि महामार्ग आहेच. नेमकं याच कारणासाठी माझं म्हणणं असं आहे, की ज्या मराठी कुटुंबाला चार दिवसांत आपल्याच राज्याचं वैविध्य पाहायचं आहे, त्याने अजिंठा, महाबळेश्वर, गणपतीपुळे अशी धावाधाव करण्यापेक्षा घोटीला किंवा आसपास मुक्काम ठोकावा आणि रोज एका रस्त्याने जाऊन परत यावं. वैविध्य म्हणजे एकमेकांपासून लांब असलेल्या सुंदर जागांची संख्या, अशी आपली समजूत याद्यांनी करून दिली आहे. पण पहिल्या गावात भात आणि तिसऱ्या गावात बाजरी का, हे समजल्याशिवाय वैविध्य नुसतं दिसतं, उमगत नाही. ते उमगायला घोटीइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात फार थोडी असेल.

याचं कारण पाऊस. नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. इगतपुरीला वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला, त्याच नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात तो ५००-६०० मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो. घोटी ते सिन्नर हे अंतर जेमतेम ५० किलोमीटरचं. म्हणजे तासा-सव्वातासाच्या गाडीच्या प्रवासात पाऊस पाचपटीने आटतो. कोकणच्या तोडीचा ओलेपणा आणि दुष्काळी देशाचा कोरडेपणा एका रस्त्याच्या दोन टोकांना बसलेत, आणि पीक, गुरं, धंदा, देव आणि भांडणं हे सगळं त्या उताराप्रमाणे बदलत जातं. शाळेच्या भूगोलात ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ हा शब्द आपण पाठ केला. तो डोळ्यांनी पाहण्याचा रस्ता मात्र सहलीच्या कार्यक्रमात कुणी घातला नाही.

तो रस्ता कसा पाहायचा? आषाढात घोटीच्या भोवती भाताची आवणी चाललेली असते. उन्हाळ्यात राब भाजून तयार केलेल्या जमिनीत टाकलेली रोपं उपटून चिखलणी केलेल्या खाचरांत लावतात. गुडघाभर चिखल आणि न थांबणारा पाऊस यात काम करायला इथे डांगी जातीचे बैल असतात. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या या गुरांच्या कातडीला तेलकटपणा असतो, त्यामुळे सततच्या पावसाचा त्यांना त्रास होत नाही. त्यांचे खूरही काळे, कठीण, खडकाळ उतारावर टिकणारे. अकोले, इगतपुरी, त्र्यंबक, सुरगाणा आणि पलीकडचं गुजरातमधलं डांग हा या जातीचा मूळ मुलूख. जिथे खाचर पाडता येत नाही अशा उतारावर नागली, वरई, खुरासणी. शहरात एकादशीला जी भगर शिजते ती याच वरईची, पण भगरीच्या पुडीवर डोंगराचं नाव क्वचितच असतं. पुढे धामणगाव मागे पडलं की बांध विरळ होतात, खाचरांची जागा सपाट वावरं घेतात. पांढुर्लीच्या बाजूला भाजीपाला आणि सोयाबीन दिसू लागतं. सिन्नर जवळ येतं तशी जमीन पांढुरकी होते, आणि तालुक्याच्या पूर्व भागात बाजरी, कांदा आणि टँकरची वाट पाहणारी गावं. शेतीचा भरवसा नसलेल्या या भागात विड्या वळण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या का टिकला आणि नंतर माळेगाव-मुसळगावला औद्योगिक वसाहती का उभ्या राहिल्या, हे घोटीहून निघालेल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

याच रस्त्यावर मुंबईहून शिर्डीला पायी निघालेल्या पालख्या भेटतात. रामनवमीच्या आसपास तर रांगच लागलेली असते. त्या लोकांनी मी म्हणतो तो प्रवास कधीच सुरू केला आहे. कसाऱ्याचं जंगल, घाटमाथा, सिन्नरचा माळ आणि गोदावरीचे कालवे असा सगळा बदल ते पायांनी मोजतात, फक्त त्याला कुणी पर्यटन म्हणत नाही. सिन्नरला पोहोचल्यावर गोंदेश्वर पाहायला हवा. भूमिज शैलीतलं, मधे शिव आणि चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं असं हे शैव पंचायतन यादवकालातलं आहे. देवगिरीला जाण्याआधी यादवांचा जम सिन्नरला बसलेला होता. इतक्या कोरड्या जागी राजधानी का, असा प्रश्न पडावा. माझा तर्क असा, की थळ घाटाने वर चढलेला बंदरांचा माल देशावर पसरायचा तो याच बाजूने, आणि राजाला पावसापेक्षा जकात जवळची असते. जवळच माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत गारगोटी नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइटचे हिरवे, गुलाबी, पांढरे स्फटिक तिथे मांडलेत. ज्या खडकाने वाटेत चिखल आणि दरडी दाखवल्या त्याच्याच पोटात हे निघतं. मुलांना देवळापेक्षा हे जास्त आवडण्याचा संभव आहे आणि त्यात वाईट काही नाही.

दुसरा रस्ता पाण्याचा. इगतपुरी तालुक्यात पाणलोटाच्या रेषा अशा काही गुंतल्या आहेत की एकाच डोंगराच्या दोन उतारांवर पडलेले थेंब दोन समुद्रांना जातात. वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे निघते. तिच्यावरचं ऊर्ध्व वैतरणा धरण याच तालुक्यातलं आणि त्याचं पाणी मुंबई पिते. दारणा पूर्वेला वळून गोदावरीला मिळते. तिच्यावर नांदगावजवळ इंग्रजांनी बांधलेलं धरण १९१६ सालचं. तिच्या खोऱ्यात पुढे मुकणे, भावली, भाम अशी धरणं होत गेली. कळसूबाईच्या रांगेपलीकडे, दक्षिणेला उतरणारं पाणी प्रवरेला जातं. ते अडवणारं भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात दगडी बांधकामात उभं राहिलं. आता त्या जलाशयाला १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचं नाव आहे. रतनवाडीचं अमृतेश्वराचं कोरीव देऊळ, मागे उभा रतनगड, साम्रदची सांदण दरी, हे सगळं त्या पाण्याच्या काठाने येतं.

भंडारदऱ्याला येणाऱ्यांपैकी बहुतेकजण दोन धबधबे पाहतात. धरणाच्या पायथ्याचा अंब्रेला फॉल आणि खाली प्रवरेवरचा रंधा. पैकी पहिला निसर्गाचा नाहीच. धरणाच्या दारातून पाणी सोडलं तर तो छत्रीसारखा उघडतो, नाहीतर तिथे नुसता खडक. रंध्याचा जोरही धरणातून किती पाणी येतं त्यावर ठरतो. म्हणजे ज्याला आपण निसर्गसौंदर्य म्हणून फोटोत घेतो तो पाटबंधारे खात्याच्या आवर्तनाचा एक टप्पा असतो. हे कळल्याने मजा कमी होते असं मला वाटत नाही, उलट ते पाणी पुढे कुठे जातं हे विचारावंसं वाटतं. ते कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या उसाला जातं. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना १९५० च्या गळिताने सुरू झाला तो या पाण्यावर पिकलेल्या उसाच्या जिवावर. सहकार, साखर, त्यावर उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्था आणि राजकारण, म्हणजे विसाव्या शतकातला अर्धाअधिक महाराष्ट्र, कळसूबाईच्या दक्षिण उतारावरून वाहत गेलेला आहे. आणि उत्तरेकडचं, दारणेचं पाणी? ते नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्याशी जातं. गाळाने भरलेल्या त्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात. २०२० साली रामसर यादीत गेलेली ती महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. पुढे प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते तिथे जायकवाडीचा फुगवटा लागतो. कळसूबाईवर वेगळी झालेली दोन पाणी तिथे पुन्हा भेटतात.

त्या भेटीवर भांडणही आहे. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडावं, असं समन्यायी वाटपाचं सूत्र ठरलेलं आहे. दुष्काळी वर्षी मराठवाडा त्यावर बोट ठेवतो, नाशिक-नगर विरोध करतात, प्रकरण कोर्टात जातं. आणि ज्या तालुक्यात हे सगळं पाणी पडतं तिथल्या वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन झऱ्यांवर रात्र काढतात, कारण काळ्या पाषाणाचा तीव्र उतार पाणी धरून ठेवत नाही आणि धरणातलं पाणी आधीच दुसऱ्याच्या नावावर लागलेलं असतं. ज्यांच्या जमिनी त्या धरणांत गेल्या त्यांचीच ही वस्ती. भावलीच्या काठावर पावसाळ्यात गाडी लावून भजी खाणाऱ्याला हे माहीत असलंच पाहिजे असं नाही. पण माहीत असेल तर तो त्याच वाडीत मे महिन्यात अंघोळीला दोन बादल्या मागणार नाही.

गडकोटांबद्दल इतकं लिहिलं जातं की इथे थोडक्यात उरकलं तरी चालेल. १,६४६ मीटरचं कळसूबाई हे राज्यातलं सर्वोच्च शिखर, चढाई बारीतून, अवघड कड्यांना लोखंडी शिड्या. वर चिमुकलं देऊळ, नवरात्रात जत्रा. अलंग, मदन, कुलंग ही दुर्गत्रयी मात्र सहलीची जागा नव्हे. १८१८ नंतर इंग्रजांनी सुरुंग लावून पायऱ्या उडवल्या, त्यामुळे अलंग-मदनला आजही दोर लागतो आणि माहीतगार लागतो. त्रिंगलवाडीच्या पायथ्याशी जैन लेणं आहे, पट्ट्यावर जालन्याच्या स्वारीहून परतताना १६७९ साली शिवाजी महाराज विसावले म्हणून तो विश्रामगड. पावसाच्या धाग्याने पाहिलं तर मला गडांपेक्षा पायथ्याची तीर्थं जास्त बोलकी वाटतात. टाकेदला जटायूची कथा सांगतात. मरणाऱ्या पक्ष्याला पाणी पाजायला रामाने सगळी तीर्थं एका कुंडात बोलावली, म्हणून ते सर्वतीर्थ. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. कावनईच्या कपिलधारेचंही माहात्म्य पाण्याचंच आणि सिंहस्थात साधू तिथे आवर्जून येतात. जिथे पावसाळ्यात पाण्याखेरीज काही दिसत नाही आणि उन्हाळ्यात घोटभर मिळत नाही, तिथल्या देवकथांनी पाण्याभोवती फिरावं यात आश्चर्य काय! यादीतली धम्मगिरी मात्र सोडून द्यावी असं मी म्हणेन. सत्यनारायण गोएंकांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालेली विपश्यनेची शिबिरं १९७६ पासून इगतपुरीत तिथे चालतात. दहा दिवस मौन पाळायची तयारी असेल त्याने अर्ज करून जरूर जावं, पण अर्ध्या तासात ‘करून’ येण्याची ती वस्तू नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार असा, की एक तालुका म्हणजे राज्य नव्हे. घोटीहून समुद्र दिसत नाही, ताडोबाचा वाघ दिसत नाही, वेरूळचं कैलास दिसत नाही. हे मान्य आहे आणि त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. घोटीत सगळा महाराष्ट्र आहे असं म्हणणं ही गावाची जाहिरात होईल. माझा मुद्दा नमुन्याचा नसून पद्धतीचा आहे. पावसाच्या उताराने चालायची सवय एकदा लागली की ती दुसरीकडेही उपयोगी पडते. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर ते माण-दहिवडी हा तसाच रस्ता आहे, एका टोकाला पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि दुसऱ्या टोकाला पाचशेच्या आत. विदर्भात दिशा उलटी होते. तिथे पूर्वेला जावं तसा पाऊस वाढतो, वर्धेकाठचा कापूस जाऊन वैनगंगेकाठी धान येतं, पण हा बदल शेकडो किलोमीटरांत पसरलेला असल्याने प्रवासात निसटून जातो. घोटीला तो दाटीने भेटतो. एकदा इथे पाहिला की गोंदियाच्या वाटेवरही तो ओळखू येईल. ताडोबाला जाऊच नये असं कोण म्हणतं? तिथे जाताना नागपूर ते चंद्रपूर झोपून काढू नये, इतकंच.

दुसरा आक्षेप साध्या माणसाचा आहे आणि म्हणून मला जास्त पटतो. वर्षातून चार दिवस सुट्टी मिळते, पोरं बरोबर असतात, त्यांना भिजायचं, चढायचं, खायचं असतं. त्यात पर्जन्यमानाचे धडे कशाला? यावर उत्तर असं, की वर सांगितलेल्यात धडा म्हणून बसून ऐकायचं काहीच नाही. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंतचा रेल्वेचा घाट १८६५ सालापासून चालू आहे. ३७ फुटांना एक फूट असा चढ, त्यामुळे गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडतात. श्रावणात खिडकीशी बसलेलं मूल बोगदे मोजतं, आणि गाडी अर्ध्या वेगाने का चालली हे इंजिन जोडताना पाहून त्याला आपोआप समजतं. घोटीच्या स्टेशनात लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या थांबत नाहीत, इगतपुरीला उतरून पुढे यावं. भाद्रपदात कळसूबाईच्या उतारांवर सोनकी फुलते, दिवाळीच्या सुमारास भाताची झोडणी चालते, तेव्हा गिरणीत साळ जाऊन तांदूळ कसा निघतो ते घोटीतच पाहता येतं. जानेवारीत नांदूर-मधमेश्वरला दुर्बीण लागते, धडा लागत नाही. हौस आणि समज यांचं वैर आहे ही कल्पना मुळात रटाळ शिकवणाऱ्यांनी रूढ केली.

तिसरा आक्षेप असा, की अशा लेखांनीच जागा नासतात. मे अखेर ते मृगाच्या सरी या काळात भंडारदऱ्याच्या रानात सादडा, हिरडा, बेहड्याच्या झाडांवर काजवे चमकतात. त्याचा ‘काजवा महोत्सव’ झाला आणि शनिवार-रविवारी रात्री गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. नर काजवा उजेडाच्या खुणेने मादीला शोधतो. त्यावर हेडलाइट आणि मोबाइलच्या बॅटऱ्या पडल्या तर वर्षातून एकदाच होणारी ती बोलणीच तुटतात. कळसूबाईच्या शिड्यांवर पावसाळी रविवारी चेंगराचेंगरीची भीती वाटावी इतके लोक असतात. ही गर्दी याद्यांनी आणली आहे: एक जागा, एक ऋतू, एक शनिवार. प्रवास वर्षभरात आणि चार रस्त्यांवर पसरला तर एका जागेवरचा भार हलका होईल हे उघड आहे. पण इथे माझ्याच बाजूचा कच्चा दुवा सांगितला पाहिजे. पसरलेली गर्दी कचराही पसरवते. आज जो ओढा कुणाला माहीत नाही तो उद्या बाटल्यांनी भरेल. त्यामुळे काजव्यांच्या रात्रींना आणि सांदण दरीला माणसांच्या संख्येची मर्यादा असावी, ती कडक असावी, आणि त्यात आपला नंबर लागला नाही तर मुकाट्याने दुसरीकडे जावं, हे मान्य असेल त्यानेच ही पद्धत घ्यावी. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे, तिथे जाणं हा हक्क नसून परवानगी आहे.

पैशाचा प्रश्न उरतो, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. इगतपुरी-घोटीच्या परिसरात रिसॉर्ट आणि फार्महाऊस वाढली. जमिनी मुंबई-नाशिकच्या हातात गेल्या आणि तिथे गावकरी उरला तो माळी किंवा रखवालदार म्हणून. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. कसारा घाटाला बगल देणारा, आठ किलोमीटरच्या आसपास लांबीचा बोगदा त्यात आहे. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याने मुंबई आणखी जवळ आली, म्हणजे जमिनीचा भाव आणखी वर जाणार आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांनी त्यात भरच पडणार. अशा वेळी प्रवाशाच्या हातात जे थोडं आहे ते असं: मुक्काम बारी, जहागीरदारवाडी, आंबेवाडी, रतनवाडी इथल्या घरांत करावा, जिथे महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबं जेवणा-राहण्याची सोय करतात आणि वाटाड्याही देतात. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, पण कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची जी बँक उभी केली ती त्याआधीची आहे आणि धोरणाची वाट न पाहता उभी राहिली. २०२० सालीच राहीबाईंना पद्मश्री जाहीर झाली. तांदूळ, नागली, भगर घोटीच्या बाजारातून घ्यावी, महामार्गावरच्या मॉलमधून नव्हे. वाटाड्याची मजुरी आधी विचारावी आणि घासाघीस करू नये. दोर धरून मदनच्या कड्यावर नेणाऱ्याशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालणारे लोक पायथ्याच्या हॉटेलात चहाला तेवढेच मोजतात. आणि जिल्हा नियोजनातून पैसा आलाच, तर आणखी एक ‘व्ह्यू पॉइंट’ बांधण्याऐवजी घोटी स्टँडवरून सिन्नर, टाकेद, बारी आणि वैतरणेच्या एसट्यांची वेळ मोठ्या अक्षरांत लिहावी आणि त्या वेळेवर सोडाव्यात. वाड्यांतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींना त्या लागतातच, प्रवासी त्यांच्या शेजारी बसेल.